पोचवायला आलेल्यांचं काय?

मी बँकेत कारकून आहे आणि आजवर विमानात एकदाही बसलेलो नाही. तरीसुद्धा विमानतळावर लिहायला घेतलं आहे. हा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं कुणी विचारील. माझं उत्तर सोपं आहे. मी विमानतळावर पाच वेळा गेलो आणि पाचही वेळा तिथूनच घरी परत आलो. जाणारा माणूस विमानतळ कितीसा बघतो? त्याचं निम्मं लक्ष पासपोर्टात आणि निम्मं बॅगेच्या वजनात. विमानतळ खरा बघतो तो पोचवायला गेलेला माणूस. त्याला तिथं दुसरं कामच नसतं.

आमच्या शाखेतल्या कॅशियरसाहेबांना हे मान्य नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून हे गृहस्थ जमिनीवर नाहीत. डबा खाताना एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. "बघा, बघा! कमळाच्या आकाराचं छत! आता कोण म्हणेल आपल्याला मागासलेले?" आपल्याला मागासलेलं कोण म्हणत होतं हे मला माहीत नाही. निदान पारनेर तालुक्यात तरी कुणी म्हटलेलं ऐकलं नव्हतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. कुठलीही गोष्ट मांडायची तर खातं उघडून मांडतो. तेव्हा आधी जमेची बाजू.

मुंबईचा पहिला विमानतळ जुहूचा, १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका चिमुकल्या विमानातून तिथंच उतरले. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात गेलं की सगळा संसार उचलून पुण्याला न्यावा लागे. मग दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानांसाठी वापरलेला सांताक्रूझचा तळ प्रवाशांच्या कामी आला. १९८१ साली परदेशच्या विमानांसाठी सहारचं टर्मिनल उघडलं. १९९९ साली विमानतळाला छत्रपती शिवाजींचं नाव मिळालं आणि २०१८ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला. तो आधीच असायला हवा होता. २००६ साली कारभार खाजगी कंपनीकडे गेला आणि २०१४ च्या जानेवारीत नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. मोराच्या पिसाऱ्याची आठवण देणारे खांब, भिंतींवर देशभरातल्या हजारो कलावस्तू. २०२१ साली कंपनीही बदलली. नवी मुंबईसाठी तर उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावांनी आपली घरंदारं सोडली.

आमचा जिल्हाही मागे नाही. १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपतींच्या हस्ते शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. जमीन काकडी गावची, नाव शिर्डीचं. त्याबद्दल तक्रार नाही. बाबांच्या दारात असं चालतंच. आम्ही शाखेतले चौघे एका रविवारी मुद्दाम विमान बघायला गेलो होतो. कुंपणाबाहेर मोटारसायकली लावल्या आणि बांधावर बसून शेंगा खात विमान उतरताना पाहिलं. आमच्यासारखे अजून पन्नासेक जण होते. कडेवर पोरं, डोक्याला टॉवेल. विमान टेकलं तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आतल्या लोकांना त्या ऐकू गेल्या नसतील.

आता नावेची बाजू. तिथं माझी एकच नोंद आहे. एवढ्या सगळ्या आधुनिकीकरणात पोचवायला येणारा माणूस कुठल्याच नकाशावर नाही.

१९८७ साली माझा धाकटा काका मस्कतला फिटर म्हणून निघाला. त्याला पोचवायला एका जीपमध्ये आम्ही चौदा माणसं माळशेज घाटातून सहारला गेलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी आणि काकूच्या मांडीवर रडणारं तान्हं. पैसे भरून तिकीट काढलं आणि आम्हाला आत सोडलं. आम्ही सतरंजी अंथरली. आज सांगताना ऐकणारे हसतात, पण त्या सतरंजीवर बसून काकाने शेवटची दशमी खाल्ली आणि काकूला म्हणाला, "दोन वर्षं काय, अशी जातील." ती अकरा वर्षं झाली. पण काकूला आयुष्यभर सांगायला ती सतरंजी पुरली.

तीच गोष्ट अलीकडची घ्या. माझी पुतणी शिकायला जर्मनीला निघाली. शहराचं आणि विमानतळाचं नाव सांगत नाही. बँकेत आहे, खातेदाराची माहिती बाहेर सांगायची नाही ही सवय. आईचं वय शहात्तर. हातात स्टीलची वाटी, वाटीत दही-साखर. दारावरचा जवान सभ्य होता. तिकीट आणि आधार कार्ड बघून पुतणीला आत सोडलं आणि आम्हाला म्हणाला, "माताजी, यहीं तक."

"अरे पण इमान कुठंय?" आईने विचारलं.

"आत आहे, आई."

"मग मला दिसणार कसं?"

याचं उत्तर ना जवानाकडे होतं, ना माझ्याकडे. पुतणीच्या तळहातावर आईने दारातच दही ठेवलं. मागे ट्रॉल्यांची रांग थांबली. कुणीतरी घड्याळ बघितलं. पोर आत गेली आणि आई काचेला नाक लावून उभी राहिली. काच इतकी लख्ख की आतलं कमी आणि आमचंच ध्यान जास्त दिसत होतं. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "गेली वाटतं." या 'वाटतं'बद्दल माझं भांडण आहे.

कॅशियरसाहेब म्हणतात, "अहो, सुरक्षा नावाची काही चीज आहे की नाही?" आहे ना! १९९९ च्या डिसेंबरात विमान पळवून कंदाहारला नेलं. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल येऊ लागलं. ते योग्यच झालं. झडती घ्या, वाटीतलं दही हुंगून बघा, माझी ना नाही. पण टोकियोच्या हानेडा विमानतळावर गच्चीवर उभं राहून कुणालाही फुकट विमानं बघता येतात. अमेरिकेत पिट्सबर्गला २०१७ साली तिकीट नसलेल्या माणसालाही ओळखपत्र दाखवून आणि झडती देऊन पार आतपर्यंत जायची सोय सुरू झाली होती. त्यांना काय सुरक्षेची काळजी नाही? जागतिक दर्जा, जागतिक दर्जा म्हणून आपण खांब आणले, सरकते पट्टे आणले, अत्तराची दुकानं आणली. मग एक गच्ची आणायलाच काय हरकत होती?

खरी गोम वेगळी आहे. पोचवायला आलेला माणूस अत्तर घेत नाही. तो घरून दशम्या आणतो. त्याच्यापासून उत्पन्न नाही, म्हणून तो हिशेबात नाही. आमच्याही बँकेत कमी शिलकेच्या खातेदाराकडे असंच बघतात. फरक एवढाच की त्याला निदान बाकड्यावर बसू देतात.

माझी मागणी मोठी नाही. एक गच्ची किंवा एक काचेची खोली. वीस-तीस रुपये तिकीट लावा. झडती दोनदा घ्या. पाण्याचा नळ आणि परवडणारा चहा. आणि समोर विमान, खरंखुरं, हलणारं. ज्या महाराजांचं नाव विमानतळाला दिलं, त्यांच्या मनात रयत आधी होती. तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला एक नियम शिकवतात. जे येतं ते नावे, जे जातं ते जमा. पंचवीस वर्षं मी त्या नियमावर पोट भरतो आहे. पण काचेला नाक लावलेल्या आईच्या खात्यात गेलेलं माणूस जमा कसं धरायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

हे सगळं मी कॅशियरसाहेबांना ऐकवलं. ते नेहमीप्रमाणे हसले आणि नोटा मोजू लागले. संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या मुलाला कॅनडाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

"एक विचारू का?" आवाज खाली आणून ते म्हणाले. "आम्ही घरची पाचच माणसं येणार. आत सोडतील का हो?"

मी पासबुकं भरत होतो. म्हटलं, "नाही. पण दाराच्या उजवीकडे एक खांब आहे. त्याला टेकलं की पाय दुखत नाहीत."