जॅकवरची रिक्षा

अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये रिक्षा धुण्याची एकच घाई सुरू होते. भीमनगर-भावसिंगपुरा घ्या, उस्मानपुरा घ्या, नाहीतर मुकुंदवाडी घ्या. नळाला पाणी येईल त्या दिवशी गल्लीत रिक्षांची रांग लागते, हुड पुसले जाते, निळा झेंडा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला माणूसपण दिले, त्याच विजयादशमीची ही आठवण. त्या दिवशी पोट भरणारी गाडी झळकावी, यात काही वावगे नाही. लिंबू-मिरची आपण केव्हाच सोडली. (सोडली असे आम्ही धरून चालतो. काही रिक्षांच्या चाकाखाली अजूनही लिंबू चिरडलेले दिसते, पण त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.)

आज आम्हाला सांगायचे आहे ते चाकाखालच्या दुसऱ्या एका वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे दगड. पावसाळा संपला की रिक्षा नुसती धुतली जात नाही, उचललीही जाते. चाकात पाणी गेलेले असते, ब्रेक लायनर झिजलेले असतात, ग्रीस संपलेले असते, खालून पत्रा गंजलेला असतो. गॅरेजला न्यावे तर मजुरी जाते आणि एक दिवसाचा धंदाही बुडतो. म्हणून आपला रिक्षावाला घरच्या दारातच पाना हातात घेतो. त्यात कमीपणा नाही, उलट कौतुकच आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. तिथे तीनचाकी गाड्या बनतात, आणि आपल्या कितीतरी घरांतील माणसांनी वाळूजच्या कारखान्यांमधून आपले हात तयार केले आहेत. हातांना काम येते. अडते ते पुढे.

कारखान्यात जड वस्तू वर गेली की तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाचा विचार कायद्याने केलेला असतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, हे आपण दर जयंतीला ऐकतो. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा झाला. त्याच्या २९ व्या कलमाने क्रेन, साखळ्या, दोर यांची निदान वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी व्हावी आणि किती वजन उचलायचे ते त्यावर लिहिलेले असावे, असा दंडक घातला. पण तोच कामगार घरी येऊन मेहुण्याची रिक्षा उचलू लागला, तर त्याला कोणता कायदा विचारतो? तिथे तपासनीस नाही, आणि रिक्षा स्वतःच्या मालकीची असेल तर ईएसआयही नाही. कमावता माणूस दोन महिने खाटेवर पडला तर गाडीचा हप्ता कोण भरणार?

रिक्षा हलकी, हा समज आधी काढून टाकावा. मोटारीपुढे ती हलकी खरी, पण रिकामी रिक्षासुद्धा तीनशे किलोच्या घरात जाते. म्हणजे ज्वारीची तीन पोती. तीन पोती छातीवर घेऊन कोणी झोपेल काय?

वस्तीत सर्रास चालणारा प्रकार आम्ही अनेकदा पाहिला आहे. पंक्चर झाले की हाक जाते, ‘या रे, हात लावा.’ चार पोरे येतात, एका बाजूने रिक्षा उचलतात, आणि पाचवा खाली वाकून विटा सरकवतो. ह्या पाचव्याची आम्हाला चिंता वाटते. चौघांपैकी एकाच्या खिशात फोन वाजला, एकाची चप्पल चिखलात घसरली, की सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो आणि तेही सोडून देतात. माणसे उचलणार असतील तर त्यांनी उचलावे, पण खाली हात घालू नये. टेकू लांब काठीने किंवा पायपाने आत ढकलावा. सोडायचे केव्हा हे एकानेच सांगावे, बाकीच्यांनी गप्प बसावे.

आणि वीट तर नकोच. वीट भार सोसते असे वाटते, पण कडेवर दाब आला की तिचा भुगा होतो, तोही काही न सांगता. सिमेंटचा पोकळ ब्लॉक त्याहून वाईट. गोल गोटा घरंगळतो. टेकू द्यायचा तर जाड सागाचा किंवा बाभळीचा चौकोनी ठोकळा घ्यावा, नाहीतर लोखंडी घोडी. जुन्या बाजारात पाहावी, किंवा ओळखीच्या वेल्डरकडून जाड अँगलची, रुंद पायाची करून घ्यावी.

आता जॅककडे वळू. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक आतल्या एका रबरी वायसरवर उभा असतो. ते वायसर झिजले की जॅक हळूहळू बसतो, आणि कधीकधी हळूहळूही नाही. त्यावर ‘दोन टन’ लिहिलेले आहे म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, कारण अपघात वजनाने क्वचितच होतो. जॅक तिरका होतो, घसरतो, जमिनीत रुततो, म्हणून होतो. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर महिनाभर तरी जॅक सरळ उभा राहील याची खात्री धरू नये. खाली जाड फळी टाकावी. जुना जॅक असेल तर एकदा गाडी उचलून, कोणी जवळ न जाता, दहा मिनिटे तशीच ठेवावी. दांड्यावर खडूची खूण करावी. खूण खाली सरकली तर तो जॅक भंगारात द्यावा, शेजाऱ्याला देऊ नये.

तीन चाकांची गाडी म्हणजे तीन दगडांची चूल. तिन्ही दगड जागेवर आहेत तोवर भांडे डुगडुगत नाही. मागचे एक चाक उचलले की त्या दगडाच्या जागी जॅक येतो. म्हणून तो चाकाजवळच लागला पाहिजे, आणि चेसिसच्या मजबूत भागाखाली. मधोमध सोयीचे पडते म्हणून तिथे लावला तर गाडी कलंडते. पातळ पत्र्याखाली लावला तर पत्रा आत जातो आणि जॅक निसटतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी बरेच जुने रिक्षावालेही विसरतात. ‘गाडी गिअरमध्ये आहे, कुठे जाणार?’ असे म्हणतात. जाते! वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरावे म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते. एक चाक हवेत गेले की ते उलटे फिरू लागते आणि जमिनीवरचे चाक गिअरला न जुमानता सरकते. राहिला हँडब्रेक. त्याची तार कितीदा ताणलेली असते, हे ज्याचे त्याने पाहावे. शिवाय मागचा ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो. मग गाडीला अडवणारे काय उरते? तो दगड. जमिनीवर राहिलेल्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, दगड किंवा लाकडी पाचर घट्ट बसवल्याशिवाय जॅकला हात लावू नये. गल्लीत नालीच्या बाजूला उतार असतो, तेव्हा चार पावले चालून सपाट जागा शोधावी. हँडल सरळ ठेवावे.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करावेत. हवेतल्या गाडीवर पान्याला लाथ मारली की सगळी गाडी हलते. चाक दोन बोटे सुटले की पुरे, त्याहून वर नेऊ नये. लगेच घोडी लावावी, जॅक थोडा उतरवून भार घोडीवर घ्यावा, आणि उभ्यानेच गाडीला धक्का देऊन पाहावे. हलली तर पुन्हा पहिल्यापासून. काढलेले चाक किंवा स्टेपनी फेकून न देता चेसिसखाली आडवी सरकवावी, म्हणजे सगळे फसले तरी गाडी तिच्यावर अडेल.

चाक निघाल्यावरही एक धोका राहतो. आपल्या रिक्षांची रिम बहुधा दोन फाकांची असते आणि त्या फाका वेगळ्या नटांनी जोडलेल्या असतात. ट्यूबमध्ये हवा असताना हे नट खोलले तर रिम उसळून तोंडावर येते. आधी वाल्व काढून हवा पूर्ण सोडावी, मगच पाना लावावा.

रिक्षा कुशीवर आडवी करून खालचे काम करण्याचीही पद्धत आहे. आम्ही ती घरी करू नये असे म्हणू. पेट्रोल सांडते, बॅटरीचे तेजाब सांडते, शेजारी कोणाची तरी चूल किंवा बिडी पेटलेली असतेच. गॅसची टाकी असेल तर तो विचारही नको. बॅटरीवरची रिक्षा असेल तर मुख्य स्विच काढून मगच काम सुरू करावे.

भगिनींनाही दोन शब्द. काम चालू असताना पोरांना लांब ठेवा हे तुम्हाला सांगायला नको, पण जॅक उतरवता आणि चढवता येणे तुम्हालाही अवघड नाही. एखाद्या दुपारी रिकाम्या जागेत शिकून घ्या. घरात दुसरे कोणी नसताना नवरा किंवा मुलगा गाडीखाली अडकला, तर ओढाओढ करू नका. गाडी जॅकने पुन्हा उचला, ठोकळा सरकवा, १०८ ला फोन करा आणि शेजाऱ्यांना हाक मारा.

घोडीला पैसे पडतात हे आम्ही जाणतो. पण प्रत्येक घराने घ्यावी असे कोठे आहे? विहाराच्या खोलीत आपण वर्गणीच्या सतरंज्या, खुर्च्या, मोठी पातेली ठेवतो आणि लग्नकार्याला वहीत नोंद करून नेतो. त्याच खोलीत दोन लोखंडी घोड्या, चार लाकडी पाचर आणि एक तपासलेला जॅक ठेवता येईल. दहा रिक्षावाल्यांनी वर्गणी काढली तर एकावर फार भार पडणार नाही. वही तीच चालेल. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर बैठक असतेच, तिथे हा विषय कोणीतरी काढावा.