द्रविडच्या धावा आणि चेंडूंचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये मँचेस्टर कसोटीतील एकाच डावात इंग्लंडच्या ज्यो रूटने राहुल द्रविड, जॅक कॅलिस आणि रिकी पाँटिंग या तिघांना मागे टाकले. द्रविडच्या कसोटी धावा १३,२८८, कॅलिसच्या १३,२८९ आणि पाँटिंगच्या १३,३७८. इतक्या जवळ उभ्या असलेल्या फलंदाजांची प्रतवारी धावांच्या बेरजेवरून करता येत नाही.

मग सरासरीकडे वळावे लागते. कॅलिसची सरासरी ५५.३७, द्रविडची ५२.३१ आणि पाँटिंगची ५१.८५ आहे. भारतीय संघातील सहकाऱ्यांपैकी सेहवाग (४९.३४), लक्ष्मण (४५.९७) आणि गांगुली (४२.१७) द्रविडच्या मागे राहतात, तर सचिन तेंडुलकर (५३.७८) पुढे. शतकांतही द्रविडची ३६ ही संख्या पाँटिंगच्या ४१ आणि कॅलिसच्या ४५ पेक्षा कमी आहे. इंदूरमध्ये जन्मलेल्या आणि बंगळुरूत वाढलेल्या या मराठी घरातील फलंदाजाविषयी आपल्याला कितीही ममत्व असले, तरी या रकान्यांत तो पहिला नाही.

तो पहिला आहे तो खेळलेल्या चेंडूंच्या रकान्यात. कसोटीत द्रविडने ३१,२५८ चेंडू खेळले. ३६ कसोटी अधिक खेळलेल्या तेंडुलकरचे चेंडू २९,४३७ भरतात. डावामागे हिशेब केला, तर द्रविड सुमारे अठरा षटकांइतके चेंडू एकटा खेळत असे, तेंडुलकर पंधरा. हा फरक निव्वळ संथपणाचा नव्हे. द्रविडच्या १०,५२४ धावा तिसऱ्या क्रमांकावरील आहेत. सलामीवीर लवकर परतल्यावर नवा चेंडू जुना करण्याचे काम त्याच्याकडे येई आणि त्याचा लाभ पुढे येणाऱ्या तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण यांना होई. सरासरी ही उसनवारी नोंदवत नाही. गंमत अशी की, २००१ मधील कोलकाता कसोटीच्या दुसऱ्या डावात तो सहाव्या क्रमांकावर होता आणि लक्ष्मण तिसऱ्या. त्यांच्या ३७६ धावांच्या भागीदारीतील द्रविडच्या १८० धावा लक्ष्मणच्या २८१ धावांच्या सावलीतच राहिल्या.

'भिंत' ही उपाधी मात्र त्याच्यावर अन्याय करते. २००३ मध्ये अ‍ॅडलेडला २३३ आणि नाबाद ७२, २००४ मध्ये रावळपिंडीला २७०: या दोन्ही कसोटी भारताने जिंकल्या.

परदेशातील कामगिरी हा दुसरा निकष. द्रविडची सरासरी मायदेशी ५१.३५, तर परदेशात ५३.०३ आहे. ३६ पैकी २१ शतके परदेशातील. पाँटिंगची सरासरी घरी ५७ च्या जवळ, तर बाहेर ४६ च्या आसपास आहे. मात्र येथेही तेंडुलकरची परदेशातील ५४.७४ ही सरासरी द्रविडहून सरस ठरते आणि दक्षिण आफ्रिकेत तर द्रविडची सरासरी ३० पर्यंतही पोहोचली नाही.

अखेरच्या मालिकेचाही परिणाम आकड्यांवर झाला. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये तीन शतके काढणारा द्रविड लगेचच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात आठ डावांत केवळ १९४ धावा करू शकला. त्यांपैकी सहा वेळा तो त्रिफळाचीत झाला. त्या दौऱ्यापूर्वी त्याची सरासरी ५३ च्या वर होती. तो परतला आणि ९ मार्च २०१२ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर त्याने निवृत्ती जाहीर केली.