मद्य शासनाचे, मरण पदपथाचे

२०२४ सालच्या डिसेंबरची २२ तारीख मावळून काही वेळ झाला होता. पुण्यालगतच्या वाघोलीत, केसनंद फाट्याजवळ, अमरावतीकडून मजुरीसाठी आलेली काही कुटुंबे पदपथावर अंथरूण टाकून झोपली होती. मद्यधुंद चालकाच्या हाती असलेला एक डंपर त्यांच्या अंगावरून गेला. तीन जीव गेले, त्यांपैकी दोन तर चिमुकली बालके होती. चालक पकडला गेला, त्याची वैद्यकीय तपासणी झाली, त्याची रवानगी कोठडीत झाली. कायद्याची चाके अगदी वेळेवर फिरली.

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, १९ मेच्या पहाटे कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या, नोंदणीही पूर्ण न झालेल्या परदेशी बनावटीच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. तेथे मात्र कायद्याची चाके निराळ्या गतीने फिरली. अवघ्या काही तासांत बाल न्याय मंडळापुढून मुलाला जामीन मिळाला, आणि अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट त्यात घालण्यात आली. पुढे असे उघड झाले की, सरकारी रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुना बदलण्यात आला, असा पोलिसांचाच आरोप आहे. त्यावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. स्थानिक आमदार त्या रात्री पोलीस ठाण्यात पोहोचले होते. आपण कोणताही दबाव आणला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खरे मानले तरी एक प्रश्न उरतोच. वाघोलीच्या पदपथावरील मृतांसाठी रात्रीच्या रात्री पोलीस ठाणे गाठणारा लोकप्रतिनिधी कोणाच्या पाहण्यात आहे काय?

या दोन घटना शेजारी ठेवल्या की महाराष्ट्रातील मद्यपी वाहनचालकांविषयीच्या कायद्याचे खरे रूप दिसू लागते. कायद्याच्या पुस्तकात श्रीमंतांसाठी एक कलम आणि गरिबांसाठी दुसरे, असे कोठेही छापलेले नाही. ते छापण्याची गरजच पडत नाही.

पुस्तकात काय छापलेले आहे ते आधी पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क घेऊन वाहन चालविणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. हा दंड पूर्वी २ हजार रुपयांपर्यंत होता, तो २०१९ च्या दुरुस्तीने १० हजार झाला. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि १५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मनुष्य दगावला तर जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ती पाच वर्षांवर नेली. सदोष मनुष्यवधाचे कलम लावल्यास दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक शिक्षा होऊ शकते. तेव्हा कायद्यात शिक्षाच नाही, ही ओरड खरी नाही. शिक्षा आहे. प्रश्न ती कोणापर्यंत पोहोचते, हा आहे.

आणि पोहोचण्याची वाट रक्ताच्या थेंबातून जाते. माणसाच्या रक्तातील मद्यार्क दर तासाला सुमारे १० ते २० मिलिग्रॅमने उतरत जातो. म्हणूनच कायद्याने अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असे बंधन घातले. परंतु जो पकडलाच जात नाही, त्याचे दोन तास सुरू तरी केव्हा होणार? ७ जुलै २०२४ रोजी पहाटे वरळीत, ससून गोदीतून मासळी घेऊन पतीसह दुचाकीवरून परतणाऱ्या एका कोळी महिलेला एका महागड्या मोटारीने धडक दिली आणि फरफटत नेले. ती मरण पावली. आरोपी हा सत्तारूढ पक्षाच्या एका नेत्याचा चिरंजीव. तो हाती लागला तो दोन दिवसांनी. दोन दिवसांनंतर रक्तात शोधायचे काय? ज्याच्याजवळ पळून जाण्यास दुसरी मोटार आहे, लपण्यास दुसरे घर आहे, सल्ला देण्यास वकील आहे, त्याच्यासाठी घड्याळ हाच सर्वांत स्वस्त साक्षीदार ठरतो. डंपरच्या चालकाला, रिक्षावाल्याला, टेम्पोवाल्याला हे घड्याळ विकत घेता येत नाही. तो जागीच जमावाच्या हाती सापडतो.

बरे, पुरावा सापडला आणि दोष सिद्ध झाला, तरी पुढे काय घडते? १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका धनिक तरुणाची मोटार पदपथावर चढली. त्या रस्त्याच्या काँक्रीटीकरणाचे काम करणारे मजूर तेथेच झोपले होते. ज्या हातांनी रस्ता बांधला त्याच हातांच्या धन्यांना त्या रस्त्याच्या कडेला मरण आले. सात ठार, आठ जखमी. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट मद्यार्क आढळला. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये शिक्षा दिली ती सहा महिन्यांची साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड. सर्वत्र संताप उसळला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा दोष ठेवून तीन वर्षांची शिक्षा दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि त्या वेळी जे म्हटले ते महाराष्ट्र शासनाने मंत्रालयाच्या भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. ही शिक्षा फारच अपुरी आहे, परंतु ती वाढविण्यासाठी राज्याने अपीलच केलेले नसल्यामुळे त्या प्रश्नात शिरता येत नाही, असा त्याचा आशय होता. सात मजुरांच्या मृत्यूची शिक्षा अपुरी आहे हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला दिसले. ज्या राज्यात ते मेले त्या राज्याच्या शासनाला मात्र साधा अर्ज करण्याइतकीही निकड वाटली नाही!

तपासाची कथाही याहून वेगळी नाही. सप्टेंबर २००२ मध्ये वांद्र्यातच बेकरीसमोर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. एक ठार झाला, चौघे जखमी झाले. एका प्रख्यात अभिनेत्यावर तेरा वर्षे खटला चालला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने, आरोप निःसंशयपणे सिद्ध झालेला नाही म्हणून, त्याला निर्दोष सोडले. न्यायालयाने निर्दोष ठरविलेल्या माणसाला दोषी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तेरा वर्षांनंतरही जर एवढ्या गाजलेल्या अपघाताचा दोष कोणावरही सिद्ध होत नसेल, तर तो तपासयंत्रणेवर निश्चितच सिद्ध होतो.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक कोलाहल उठतो. फाशी द्या, जन्मठेप द्या, जामीनच बंद करा! या संतापामागील वेदना खरी आहे, पण तिने सुचविलेला उपाय फसवा आहे. शिक्षेचा आकडा जितका वाढेल तितकी ती टाळण्याची किंमत वाढेल, आणि ती किंमत मोजण्याची ऐपत कोणाची हे वेगळे सांगावयास नको. वाढीव शिक्षेची सगळी धार अखेरीस उतरेल ती ज्याला वकील परवडत नाही त्याच्याच मानेवर. डंपरच्या चालकाने मद्य पिऊन दोन बालकांचे प्राण घेतले, त्याला क्षमा नाही. तो गरीब आहे म्हणून त्या आयांचे दुःख हलके होत नाही. परंतु तो ज्याचा डंपर चालवीत होता त्या धंद्याला कोणी प्रश्न विचारील काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. बांधकामांच्या खेपा मोजून मजुरी देणाऱ्या मालकांच्या राज्यात ती कितीशी पाळली गेली, हे प्रत्येक चालक जाणतो. चालक नशेत आहे की शुद्धीत, हे न पाहता त्याच्या हाती किल्ली देणारा हात नेहमी अंधारातच राहतो.

दंडाचेही तसेच. दहा हजार रुपये म्हणजे रिक्षाचालकाच्या घरातील महिन्याचे धान्य, मुलांची फी आणि रिक्षाचा हप्ता. तेच दहा हजार म्हणजे कोट्यवधींच्या मोटारीत बसणाऱ्याचे एका रात्रीच्या मेजवानीचे बिलही नव्हे. एकाला जी शिक्षा ती दुसऱ्याला केवळ पावती. दंड समान ठेवणे म्हणजे शिक्षा विषम ठेवणे. हे ओळखून फिनलंडने १९२१ मध्येच उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत स्वीकारली. स्वीडन आणि जर्मनीनेही तोच मार्ग धरला. तेथील भांडवलदार त्यामुळे देशोधडीला लागले असे ऐकिवात नाही. मग समतेची शपथ घेऊन सत्तेवर बसणाऱ्यांना ही पद्धत येथे आणण्यास कोणाची आडकाठी आहे?

आडकाठी आहे ती वेगळीच. महाराष्ट्र शासन या प्रकरणात केवळ न्यायदंड हाती घेतलेला तटस्थ पंच नाही. ते मद्यव्यवहारातील सर्वांत मोठे भागीदार आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मद्यबंदीचे धोरण सुचविले. १९४९ चा दारूबंदी कायदा या राज्यात आजही जिवंत आहे. त्यानुसार मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, आणि सौम्य बिअर व वाइन वगळता इतर मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कल्याणीनगरच्या मुलाला त्या रात्री मद्य मिळाले कसे? हा कायदा कागदावर नीतीचा रक्षक आहे आणि व्यवहारात हप्त्याचे साधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा शासनाने काय केले? दुकाने हलविण्याऐवजी काही शहरांतील महामार्गांचे तुकडेच नगरपालिकांच्या नावे करण्याची युक्ती काढली. दुकान होते तेथेच राहावे म्हणून रस्त्याची जात बदलण्यात आली! आणि जून २०२५ मध्ये तिजोरी रिकामी होताच याच शासनाने मद्यावरील शुल्क वाढवून १४ हजार कोटी रुपयांच्या अतिरिक्त उत्पन्नाचा हिशेब मांडला. मद्यातून येणारा रुपया मोजताना शासनाचा हात थरथरत नाही. मग पदपथावर पडलेल्या माणसाची किंमत मोजताना तो एवढा आखडता का होतो? अज्ञात वाहनाने ठार केलेल्या माणसाच्या वारसांना मिळणारी भरपाई २०२२ पर्यंत २५ हजार रुपये होती, आता २ लाख आहे. एवढ्यावर एका श्रमिकाच्या आयुष्याचा हिशेब मिटतो.

दारू पिण्याचा निर्णय व्यक्तीचा असतो, शासनाला दोष कशाला, असा युक्तिवाद यावर हमखास होईल. पिणाऱ्याचा दोष पिणाऱ्याचाच, हे मान्य. परंतु पंचवीस वर्षांखालील मुलाला मद्य देणारा, मोटारींच्या वाहनतळासह मध्यरात्रीपर्यंत बार चालविणारा, त्या बारला परवाना देणारा आणि त्या परवान्यातून महसूल उकळणारा, हे सर्व त्या निर्णयाच्या शेजारी उभे असतात. रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल निघून जाते. त्यानंतर घरी परतण्यास सार्वजनिक वाहन मिळणे दुरापास्त होते. मद्यविक्रीची वेळ वाढविण्यास तत्पर असलेले शासन बसची वेळ वाढविण्यास मात्र नेहमी तोट्याचे कारण पुढे करते.

हा दिल्लीचा विषय आहे, असे सांगून मंत्रालयाला हात झटकता येणार नाहीत. मद्य हा राज्य सूचीतील विषय आहे आणि मोटार वाहने समवर्ती सूचीत आहेत. राज्य विधिमंडळाला दुरुस्ती करता येते आणि तिला राष्ट्रपतींची संमती मागता येते. तेव्हा मागण्या थेट राज्य शासनाकडेच केल्या पाहिजेत. प्राणघातक अपघातात रक्ताचे दोन नमुने घेऊन ते दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडे जावेत, आणि नमुना घेतानाचे चित्रण मृताच्या वारसांना मागताक्षणी मिळावे. अपघातानंतर पळून जाणाऱ्याला, तपासणी टळली याचा लाभ मिळू नये. दंड उत्पन्नाच्या प्रमाणात व्हावा. बेकायदा मद्य देणाऱ्या बारमालकाला आणि नशेतील चालकाच्या हाती वाहन देणाऱ्या वाहनमालकाला भरपाईत वाटेकरी धरावे. मद्याच्या महसुलातील ठरावीक हिस्सा अपघातग्रस्तांच्या निधीसाठी आणि रात्रीच्या बससेवेसाठी कायद्यानेच राखून ठेवावा. आणि शिक्षा अपुरी असेल तेथे अपील करणे हे सरकारी वकिलांच्या मर्जीवर न सोडता शासनाचे कर्तव्य ठरवावे.

यांतील एकही मागणी क्रांतीची नाही. एखादे प्रामाणिक भांडवलशाही सरकारही त्या मान्य करू शकेल. त्या मान्य होत नाहीत, कारण पदपथावर झोपणाऱ्याचे नाव बहुधा या शहराच्या मतदारयादीत नसते. तो शहर बांधतो, पण शहर त्याला छप्पर देत नाही, म्हणूनच तो चाकांच्या वाटेवर झोपतो. ज्या व्यवस्थेने त्याला पदपथावर आणून टाकले, तीच व्यवस्था त्याच्या मृत्यूची चौकशी करते आणि तीच तो अपघात होता असे नोंदविते.

तीनशे शब्दांचा निबंध एका मुलाला लिहावयास सांगितला गेला, त्यावर महाराष्ट्र हसला आणि चिडला. तो निबंध खरे तर शासनाने लिहावयास हवा. विषय सोपा आहे: कार्टर रोडपासून वाघोलीपर्यंत अठरा वर्षांत काय बदलले?