घरात जेन्ट्स कुणी आहेत का?

परवा इंटरनेटवाला मुलगा आला होता, जुना डबा काढून नवीन बसवायला. दारातूनच त्यानं विचारलं, "काकू, घरात जेन्ट्स कुणी आहेत का?" म्हटलं, "मी आहे ना. काय असेल ते मला सांग." तर म्हणाला, "तसं नाही, पासवर्डचं समजावून सांगायचं होतं." मग त्यानं माझ्यादेखत नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावला, ओटीपीही नवऱ्याच्याच मोबाइलवर गेला, डब्यावरचे दिवे हिरवे झाले आणि स्वारी चहा न घेता निघून गेली.

संध्याकाळी आतल्या खोलीतून आईची हाक आली. "अगं, आज बाबा लागत नाहीयेत."

हे जरा सांगायला हवं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या मागे एक पत्र्याची ट्रंक भरून व्हिडिओ कॅसेट राहिल्या. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, कोकणातल्या सहली. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यामुळे चित्रात ते जवळजवळ नाहीतच. आहे तो फक्त आवाज. "जरा सरका, उजेड येऊ दे", "हसा की जरा", असं काहीबाही. परदेशी जाण्याआधी माझ्या मुलानं त्या सगळ्या कॅसेट संगणकात उतरवून घेतल्या आणि एका जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम बसवून दिला. म्हणजे लॅपटॉप हॉलच्या कपाटावर पडून असतो आणि त्यातला व्हिडिओ वायफायवरून घरातल्या कुठल्याही टीव्हीवर बघता येतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईचा दिवस बराचसा खोलीतच जातो. दुपारच्या चहानंतर तासभर ती हे बघते. बघते म्हणजे ऐकतेच.

टीव्हीवर "सर्व्हर सापडत नाही" अशी पाटी. गंमत म्हणजे त्याच टीव्हीवर यूट्यूब मात्र झकास चाललेलं! इंटरनेटच्या ऑफिसात फोन केला, तर "मॅडम, तुमचं नेट चालू दाखवतंय". नवऱ्याचा उपाय ठरलेला, "बंद करून चालू कर". केलं, तीनदा केलं. मग "रविवारी बघतो". मुलगा व्हँकुव्हरला, तिथे पहाटेचे साडेचार. त्याचा उठल्यावर निरोप आला, दोन ओळींचा : आधी लॅपटॉपवरच उघड, मग फोनवर, मग टीव्हीवर. कुठे अडतंय ते सांग.

हे वाचलं आणि मला हसूच आलं. नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? आधी टाकीत आहे का बघतो, मग कॉक, मग नळाची जाळी. जवळून सुरुवात करून एकेक टप्पा पुढे. हे तर रोजचंच काम!

लॅपटॉप उघडला. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' आणि पुढे ८०९६ हा आकडा टाकला. लोकलहोस्ट म्हणजे 'हेच यंत्र', आणि ८०९६ हा जेलीफिनचा दरवाजा. उघडलं! टाकीत पाणी होतं.

मग फोन. फोनवर पूर्वीचाच पत्ता साठवलेला होता, १९२.१६८.० ने सुरू होणारा. काहीच नाही. लॅपटॉपच्या वायफायच्या तपशिलात पाहिलं तर त्याचा पत्ता आता १९२.१६८.१ ने सुरू होत होता. घरातल्या यंत्रांना हे पत्ते तो डबाच वाटतो. डबा बदलला, नंबर बदलले. आम्ही मात्र जुन्याच पत्त्यावर पत्र टाकत बसलेलो! नवा पत्ता टाकला, तरीही नुसतं चक्र फिरत राहिलं. मुलानं मग समजावलं की, लगेच नकार आला तर यंत्र भेटलंय, पण त्या दारामागे कुणी नाही. नुसतंच फिरत राहिलं, तर बऱ्याचदा मध्ये कुणीतरी अडवतंय. अडवणारी होती लॅपटॉपमधलीच फायरवॉल. नवीन वायफाय दिसल्यावर त्यानं ते 'पब्लिक' धरलं होतं, स्टेशनवरच्या वायफायसारखं, आणि बाहेरून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. खरं तर शहाणपणाचंच की ते. मी त्याला सांगितलं, बाबा रे, हे घरचंच आहे, 'प्रायव्हेट' कर. फोनवर उघडलं.

टीव्ही तरीही हटून बसलेला. इथे माझे दोन दिवस गेले, खोटं कशाला सांगू. शेवटी टीव्हीचा स्वतःचा पत्ता शोधला तर तो तिसऱ्याच गल्लीतला निघाला. त्या मुलानं जाताजाता आईच्या टीव्हीला पाहुण्यांसाठीचं वायफाय जोडून दिलं होतं. गेस्ट नेटवर्कवरून बाहेरच्या जगात जाता येतं, घरातल्या इतर यंत्रांकडे जाता येत नाही. पाहुण्याला ओसरीवर पाणी मिळतं, माजघरात प्रवेश नाही, तसं. म्हणून यूट्यूब चालू आणि बाबा बंद! मुख्य वायफायचा पासवर्ड घातला की काम झालं असतं. पण तो कुणाकडे? नवऱ्याच्या फोनमध्ये. आणि नवरा नागपूरला.

आता मला सांगा, सिलिंडर बदलायला आपण कुणाची वाट बघतो का? रेग्युलेटर बसवतो, वास येतो का बघतो, शेगडी पेटवतो. त्यात तर जिवाला धोका असतो. आणि या काळ्या डब्याला, ज्याच्यावर मुलांचे अभ्यास, बिलं, बँक, डॉक्टरची अपॉइंटमेंट सगळं चालतं, त्याला आपण फक्त फडक्यानं पुसायचं? कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. तो मुद्दाम लपवतो असं मुळीच नाही. त्यालाही त्यातलं फारसं कळत नाही, 'बंद करून चालू कर' पलीकडे त्याची मजल नाही. पण घरात तो 'बघणारा' ठरलेला असतो. आणि आपणही "मला नाही बाई त्यातलं कळत" हे वाक्य किती कौतुकानं म्हणतो! मी स्वतः वीस वर्षं म्हणत आले. त्या मुलाला काय दोष द्यायचा?

असो. रात्री फोन करून पासवर्ड घेतला आणि दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला. डब्याच्या पोटावरच्या चिठ्ठीवरून त्याच्या सेटिंगमध्येही शिरले आणि लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवला, म्हणजे पुन्हा बदलायला नको. तिथला मूळ पासवर्डही बदलला. तोही वहीत आहे.

साताऱ्याची बहीण म्हणते, मलाही तिकडून दिसू दे. ते एवढं सोपं नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात एकूण ४३० कोटीही नाहीत, म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, आणि तसं असलं तर बाहेरून कुणाला आपलं दार सापडतच नाही. त्यावर उपाय आहेत, पण घरातल्या लेकीबाळींचे व्हिडिओ असलेलं दार अर्धवट ज्ञानावर जगाला उघडायची माझी तयारी नाही. तिला सध्या पेन ड्राइव्ह पाठवलाय.

तिसऱ्या दिवशी चहानंतर आईच्या टीव्हीवर माझ्या धाकट्या मावशीचं लग्न लागलं. मांडव, बँड, घामाघूम काका. मागून बाबांचा आवाज, "अगं, इकडे बघ ना एकदा!" पडद्यावरची आई पाठमोरी, ताटं वाढण्यात गुंग. तिनं काही मागं वळून पाहिलं नाही.

आईनं रिमोट मागितला. मागे घेतलं, पुन्हा लावलं. "तेव्हा ऐकूच आलं नव्हतं बघ," ती म्हणाली, आणि आवाज थोडा वाढवला.