कात्री कुणाच्या हातात?

गेल्या महिन्यात आमच्या शनिवारच्या बैठकीत पाण्याच्या टँकरचा विषय अर्धाच राहिला. भांडण झालं ते एका टी-शर्टवरून, आणि त्या भांडणात मी चुकीच्या बाजूला होते. म्हणून हे लिहिते आहे.

बैठक नायगावची. नायगाव म्हटलं की चळवळीतल्या मैत्रिणींना सावित्रीबाईंचं नायगाव आठवतं, पण ते साताऱ्याकडचं, खंडाळा तालुक्यातलं. आमचं नायगाव वसईच्या खाडीकाठचं, भाईंदर आणि वसई रोडच्या मधलं लोकलचं स्टेशन. मिठागरांच्या बाजूला उंच इमारती उठल्या आहेत. त्यातल्याच एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही जमतो.

तर गटातल्या एक बाई आपल्या मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. "ताई, तुम्हीच सांगा हिला. चांगला कोरा कपडा कापून ठेवलाय." पोरीच्या अंगात दहीहंडीच्या पथकाचा टी-शर्ट होता. हे टी-शर्ट छापले जातात पोरांच्या मापाने. मुलींनी आदल्या रात्री रांगोळी काढली, दिवसभर पाणी वाटलं, म्हणून उरलेल्यातले त्यांना दिले. उरले होते ते सगळे डबल एक्सएल. पाठीवर ठळक अक्षरांत 'कार्यकर्ता'. 'कार्यकर्ती' छापायला शाई पुरली नसावी.

तिनं काय केलं होतं? गळ्याची जाड पट्टी कापून काढली होती, त्यामुळे गळा मोकळा झाला होता. खालची शिवलेली कड गोल कापून काढली होती. दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून पुढची पट्टी मागच्या पट्टीला बांधत गेली होती, गाठीवर गाठ. ढगळ झबल्यासारखा तो कपडा तिच्या अंगाला नीट बसला होता. सुई नाही, दोरा नाही, शिंप्याला पैसे नाहीत.

मी वीस वर्षं शिवणक्लास चालवला आहे. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अगं, निदान कडा दुमडून एक शिलाई तरी मारायची!"

"काकू, मारून बघा ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कापलेला दुसरा टी-शर्ट मी माझ्या मशीनवर घेतला. गळ्याला सुबक दुमड घातली. तिनं डोकं घातलं आणि टाके तटातट तुटले. माझ्यासारखीला हे आधी कळायला हवं होतं. साडी, खण, पोपलीन यांत उभे-आडवे धागे असतात. कापलं की कडेचे धागे सुटत जातात, म्हणून दुमड आणि शिलाई लागते. टी-शर्टचं होजिअरी कापड स्वेटरसारखं, फासात फास अडकवून विणलेलं. ते कापलं तर तसं उसवत नाही, कड नुसती वळते आणि तिची बारीक गुंडाळी होते. शिवाय ते ताणतं, आणि घरच्या मशीनची सरळ शिलाई ताणत नाही. कारखान्यात त्यासाठी ओव्हरलॉकची वेगळी मशिनं असतात. म्हणजे कापडाच्या हिशेबानं पोरगी बरोबर होती. माझी शिलाई कापडासाठी नव्हतीच. ती होती मनाच्या समाधानासाठी, मुलगी 'नीट' दिसावी म्हणून.

हे 'नीट' कुठून येतं ते मी त्या रात्री बसून आठवलं. आपल्याकडे बाईचा कुठलाही प्रश्न निघाला की उत्तर एकच, शिलाई मशीन. नवरा वारला, मशीन द्या. नवऱ्यानं टाकलं, मशीन द्या. निवडणूक आली, मशीनवाटपाचा कार्यक्रम घ्या, फोटोसह. मशीननं अनेक बायांच्या घरात चूल पेटती ठेवली हे मला कुणी सांगायला नको, माझ्याही घरात ठेवली. पण वीस वर्षांत मी काय शिकवलं? फ्रॉक, परकर, ब्लाऊज, साडीला फॉल. ब्लाऊजचा गळा किती खोल हे सासू ठरवणार, बाही कुठवर हे नवरा ठरवणार, आणि आम्ही खडूनं तेवढीच रेघ मारणार. 'मला हे असं घालावंसं वाटतं' म्हणून एकही बाई क्लासला आलेली मला आठवत नाही. आणि तसं विचारायचं मलाही सुचलं नाही.

बैठकीत काही मैत्रिणी म्हणाल्या, हे चोचले आहेत. पाणी नाही, संध्याकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि आपण टी-शर्ट कसला काढून बसलोय? म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. पण ज्या बाईनं मुलीला ओढत आणलं तिच्या घरात मी गेले आहे. तिथे कोपऱ्यात कपड्यांचं गाठोडं असतं. आसपासच्या छोट्या कारखान्यांचा माल माणूस आणून टाकतो. बाया दिवसभर शिलाईचे लोंबते धागे कापतात, नगावर पैसे. त्यातले कितीतरी टी-शर्टच. हजेरी नाही, रजा नाही, डोळे गेले तर भरपाई नाही. घरी बसून काम करणाऱ्यांना कामगार म्हणून हक्क द्यावेत असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ठराव, क्रमांक १७७, १९९६ साली झाला. भारतानं त्यावर अजून सही केलेली नाही. म्हणजे या घरात कात्री दिवसभर चालते. दुसऱ्याच्या कपड्यावर चालली तर ते काम, तेही न मोजलेलं. स्वतःच्या कपड्यावर चालली तर नासाडी आणि नखरा. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत.

आता आईच्या भीतीकडे येते, कारण ती मला हसण्यावारी न्यायची नाही. ती म्हणाली, "ताई, उद्या हिला काही झालं तर लोक हिचा टी-शर्टच बघतील." खोटं आहे का? ऑगस्ट २०२२ मध्ये कोझिकोडच्या सत्र न्यायालयानं विनयभंगाच्या खटल्यात एका लेखकाला जामीन देताना तक्रारदार बाईचे कपडे उत्तेजक होते, असं आदेशात लिहून ठेवलं. केरळ उच्च न्यायालयाला ते शेरे काढून टाकावे लागले. मथुरेच्या खटल्यातल्या निकालाविरुद्ध बाया १९८० साली रस्त्यावर उतरल्या, त्याला चार दशकं उलटून गेल्यावरची ही गोष्ट. आईची भीती खरी आहे. पण त्या भीतीचं ओझं उचलायचं कुणी, तर पोरीनं, ढगळ कपड्यात अंग लपवून! आणि ढगळ कपड्यातल्या बाईला, नऊवारीतल्या आजीला, गणवेशातल्या शाळकरी मुलीला कुणी सोडलंय?

बाहेरच्यांना बोल लावणं सोपं असतं. आपलं काय? डिसेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात दिवसा गाऊन घालून घराबाहेर पडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड, असा फतवा निघाला. तो काढला कुणी? गावच्या महिला मंडळानं. पंचायतीनं नाही, पुढाऱ्यानं नाही, बायांनीच. ज्या गाऊनमध्ये बाई पहाटेपासून राबते, तो घालून ती नळावर गेली तर गावाची अब्रू जाते! मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांच्या पोशाखाचे नियम काढले. त्यात जीन्स आणि टी-शर्ट नको, बाईंनी साडी किंवा दुपट्ट्यासह सलवार-कुर्ता घालावा असं सांगितलं. पुरुष शिक्षकांनाही सदरा खोचायला सांगितलंय हे खरं, पण दुपट्टा ही वस्तू कशासाठी अंगावर असते ते आपण सगळ्याजणी जाणतो. मी त्या मुलीला शिलाई मारायला सांगितलं तेव्हा मीही छोटासा फतवाच काढत होते, एवढंच की माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं.

आणि हे 'न शिवलेलं' म्हणजे परकं, विलायती खूळ आहे असं जे म्हणतात त्यांनी आमच्या नायगाव कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बायांकडे बघावं. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, कासोटा मागे खोचलेला, डोक्यावर पाटी. त्या नेसण्यात एक टाका नाही. नुसती घडी, खोच आणि गाठ, आणि बाई चिखलात उतरते, होडीत चढते, बाजारात भांडते. कामाला सोयीचं आणि आपल्या अंगाच्या मापाचं वस्त्र आपणच बसवायचं, ही विद्या आपल्या आज्यांची आहे. पोरीनं पट्ट्यांना गाठी मारल्या तेव्हा ती तेच करत होती, फक्त कापड पुरुषांच्या मापाचं हाताशी आलं होतं.

एक सावधगिरीही सांगते. बाजारानं हे केव्हाच हेरलंय. दुकानात मुद्दाम ढगळ शिवलेले आणि मुद्दाम फाडलेले कपडे चढ्या भावानं टांगलेले असतात. मला त्यात रस नाही. स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर लॉटचा माल मिळतो, भावाचा जुना टी-शर्ट घरात असतो, बोहारणीला द्यायच्या गाठोड्यात चार निघतात. तेवढं पुरे. आणि कृपा करून याचंही प्रमाणपत्र देणारं तीन महिन्यांचं प्रशिक्षण कुणी काढू नये.

आईनं अजून होकार दिलेला नाही. परवा वाटेत भेटली तेव्हा मात्र विचारत होती, "त्या गाठी अंगाला टोचत नाहीत का हो, ताई?"

येत्या शनिवारी दुपारी मुलगी सगळ्यांना करून दाखवणार आहे. मी शिकायला बसणार आहे. येताना मोठ्यात मोठा टी-शर्ट आणा, पण आधी धुऊन, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. कात्री धारेची हवी, मुलांची कागद कापायची नको. गळा आधी थोडाच कापायचा, ओढला की तो आपोआप वाढतो. कापून काढलेली खालची कड टाकू नका. तिची शिलाई छाटून उरलेली पट्टी दोन्ही हातांनी ओढली की तिची छान गोल दोरी होते, ती पाठीकडून ओवायला उपयोगी पडते. टँकरचा विषय आधी घेऊ, तेव्हा वेळेवर या.