रोजचा एक फोटो : घर कोणाच्या नजरेने पाहायचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव या गावांत रातोरात पाणी शिरले. पुढच्याच महिन्यात नांदेड, लातूरसह अवघ्या मराठवाड्याला पुराने झोडपले. पंचनाम्यासाठी प्रत्येक बांधावर, प्रत्येक उंबऱ्यावर वेळेत पोहोचणे महसूल यंत्रणेला कठीण होते. तेव्हा जेथे पंचनामा करता येणार नाही, तेथे मोबाईलवर काढलेला फोटोही ग्राह्य धरला जाईल, असे राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. पंचांच्या साक्षीचे काम खिशातल्या फोनवर सोपविले गेले.

निर्णय दिलासा देणारा होता. मात्र त्यातून एक वेगळा प्रश्न पुढे येतो. पाण्यात बुडालेल्या घराचा फोटो आज बहुतेकांच्या फोनमध्ये सापडेल. परंतु तेच घर आदल्या दिवशी कसे होते, कणगीत किती ज्वारी होती, भिंतीला कोणते कपाट होते, शिलाई यंत्र कोठे ठेवलेले असे, हे दाखविणारा फोटो किती घरांत निघेल? नुकसान मोजायचे तर आधी काय होते, तेही सांगता आले पाहिजे. साध्या दिवसाचा फोटो काढण्याची सवय आपल्याला नाही. लग्न, बारसे, सहल, नवी गाडी आणि मग थेट आपत्ती, एवढ्याच वेळी आपला कॅमेरा उघडतो.

छंदापासून नोंदीपर्यंत

रोज एक फोटो काढायचा, तो घरातल्या साध्या गोष्टीचा असावा आणि तो आपल्या माणसांना दाखवावा, ही कल्पना जगाला नवी नाही. न्यूयॉर्कमधील जेमी लिव्हिंगस्टन या छायाचित्रकाराने ३१ मार्च १९७९ पासून दररोज एक पोलरॉइड फोटो काढण्याचा नेम धरला. जेवणाचे टेबल, मित्र, रिकामी खोली, पुढे आजारपण, असे सारे त्यात आले. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, म्हणजे ज्या दिवशी त्याचे निधन झाले त्या दिवसापर्यंत, हा नेम चालू राहिला. त्यातला एकेक फोटो पाहिला तर विशेष काही वाटत नाही. साडेअठरा वर्षांचे फोटो ओळीने पाहिले की एक संपूर्ण आयुष्य समोर उभे राहते. त्याच १९९७ सालच्या जून महिन्यात फिलिप कान या तंत्रज्ञाने प्रसूतिगृहातून आपल्या नवजात मुलीचा फोटो मोबाईलद्वारे आप्तेष्टांना पाठविला. फोनवरून फोटो वाटण्याच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याचे नाव घेतले जाते. म्हणजे या तंत्राची सुरुवातही घरातल्याच एका प्रसंगाने झाली.

आपल्याकडे असा नेम कोणी जाहीर करीत नाही, पण त्याचे एक रूप घरोघर रुजले आहे. ‘लातूर पॅटर्न’मुळे लातुरात आणि पाठोपाठ नांदेडात दहावी-बारावीनंतरच्या परीक्षांच्या तयारीसाठी खेड्यापाड्यांतून मुले-मुली येतात. ती खोली करून किंवा वसतिगृहात राहतात. पुण्या-मुंबईत कामासाठी गेलेल्यांची संख्याही मोठी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि गाव व शहर यांच्यातील हे अंतर फोटोंनी भरून निघू लागले. तव्यावरची भाकरी, गोठ्यातले नवे वासरू, अंगणात वाळत घातलेल्या शेवया, आजीच्या पायाची सूज हे सारे फोटो आता रोजच्या खुशालीच्या पत्राचे काम करतात. ते पाठविणाऱ्याला आपण काही नोंद ठेवतो आहोत, असे वाटत नाही. नोंद मात्र होत असते, आणि ती का मोलाची आहे, हे कळण्यासाठी किल्लारीपर्यंत मागे जावे लागते.

किल्लारीने काय नेले?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात भूकंप झाला. अधिकृत नोंदीनुसारच साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद अशी येथील घरे होती. उन्हाळ्यात थंडावा देणारी तीच रचना त्या पहाटे जीवघेणी ठरली. पुढे जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबविण्यात आला. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. सरळ रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या.

भूकंपाचे फोटो जगभर गेले. ढिगारे, चिता, हंबरडा फोडणारी माणसे हे किल्लारीचे जगाला माहीत असलेले चित्र आहे. परंतु २९ सप्टेंबरपर्यंतच्या त्या घरांचे काय? ओसरीवर कोण बसे, भिंतीतल्या बळदात धान्य कसे साठवीत, देवळीत काय ठेवीत, उतरंडीला किती गाडगी होती, चूल कोणत्या दिशेला होती, याची चित्रे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. त्या काळी कॅमेरा तालुक्याच्या स्टुडिओत असे. रोलला पैसे पडत, म्हणून फोटो मोजून निघत. घरात असलेच तर लग्नातले दोन-चार फोटो आणि हार घातलेली वाडवडिलांची तसबीर. ढिगाऱ्याखाली तेही गेले. माणसांबरोबर त्यांच्या रोजच्या जगण्याचा पुरावाही नाहीसा झाला. नवी घरे आराखड्यानुसार उभी राहिली. जुन्या घरात बाईचा दिवस कोठून कोठे फिरत असे, हे दाखवायला तिच्या हाती कागद नव्हता, फोटोही नव्हता.

आज माळवदाची घरे दर वर्षी कमी होत आहेत. भूकंपाची धास्ती, देखभालीचा खर्च आणि सिमेंटची ओढ ही त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. ती घरे टिकवावीत, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मात्र पाडण्यापूर्वी त्या घरातला एक महिना रोज एका फोटोने टिपला गेला, तर नातवंडांना आपले मूळ पाहता येईल.

फोटो सरकारचा, घर आपले

मधल्या काळात घराचे फोटो निघाले नाहीत असे नाही. ते काढणारा बाहेरचा होता, एवढेच. स्वच्छता मोहिमांच्या काळात ‘गुड मॉर्निंग पथके’ पहाटे उघड्यावर जाणाऱ्यांना गाठत आणि त्यांचे फोटो काढण्याचे प्रकारही घडत. पुढे स्वच्छ भारत मोहिमेत बांधलेल्या शौचालयाचा अक्षांश-रेखांशासह फोटो आवश्यक झाला. अनेक घरांतील बाईचा सरकारदरबारी असलेला एक फोटो शौचालयाच्या दाराशी उभा राहून काढलेला असावा, ही बाब पुरेशी बोलकी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांत बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो चढल्यावरच पुढचा हप्ता मिळतो.

रोजच्या फोटोचा सर्वांत मोठा सरकारी प्रयोग झाला तो रोजगार हमीच्या कामांवर. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने मजुरांची हजेरी मोबाईल ॲपवर, दिवसातून दोन फोटोंसह घेणे सक्तीचे केले. उद्देश बनावट हजेरी रोखण्याचा होता. प्रत्यक्षात कामाशी संबंध नसलेले फोटो चढविणे, फोटोचाच फोटो काढून पाठविणे, असे प्रकार होत असल्याचे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच जुलै २०२५ च्या परिपत्रकात नमूद करावे लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रोज फोटो काढल्याने नोंद आपोआप खरी होत नाही. ज्याचा फोटो निघतो, त्याला त्या फोटोत काही स्वारस्य नसेल, फोटो केवळ वरच्याला दाखविण्यासाठी असेल, तर त्याचा निव्वळ उपचार होतो.

याउलट उदाहरण चीनमधील आहे. युन्नान प्रांतात १९९०च्या दशकाच्या आरंभी कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस या अभ्यासक महिलांनी ६२ ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले आणि आपले रोजचे जगणे टिपायला सांगितले. आई शेतात राबत असताना मुलांकडे पाहायला कोणी नसते, यासारखे प्रश्न त्या फोटोंमधून पुढे आले आणि ते अधिकाऱ्यांसमोर ठेवले गेले. सर्वेक्षणाच्या तक्त्यात न बसणारे वास्तव त्या स्त्रियांना ठाऊक होते. ते दाखविण्याचे साधन तेवढे मिळाले. आपल्याकडे पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून बायकांच्या न दिसणाऱ्या कष्टांचे फोटो काढले. ते काम मोठेच. तरीही तो कॅमेरा पाहुण्याच्या हातातला होता. आज घरातलीच बाई तो फोटो काढू शकते. २०१६ च्या टंचाईत मिरजेहून लातूरला पाणी आणणाऱ्या रेल्वेचे फोटो देशभर झळकले. त्या पाण्यासाठी घरातील हंडे, घागरी, टिपे कशी मांडून ठेवलेली असत, हे आतून दाखविणारे फोटो त्या मानाने किती थोडे!

अर्थात, फोन घरात असणे आणि तो बाईच्या हातात असणे यांत फरक आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या महिलांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. आधीच्या पाहणीपेक्षा ते वाढलेले असले, तरी जवळपास निम्म्या घरांचे चित्र पुरुषाच्या फोनमधून निघणार, असा त्याचा अर्थ होतो. स्वयंपाकघर त्यात येईलच, याची खात्री कोण देणार?

उंबऱ्याबाहेर किती?

या सवयीला दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. घरातला फोटो कुटुंबाच्या गटात टाकला, की तो तेथेच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. भावकीच्या गटातून गावाच्या गटात आणि तेथून अनोळखी माणसाच्या फोनमध्ये जायला त्याला काही क्षण पुरतात. न्हाणीघरातले तान्हे मूल, आजारी सासू, अंगावरचे दागिने, ‘आम्ही सारे तिरुपतीला’ असे सांगणारा आणि म्हणूनच घर बंद असल्याचे कळविणारा फोटो, यातले प्रत्येक उदाहरण ओळखीचे आहे.

कायद्याचे संरक्षण येथे मर्यादित आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी माहिती वापरली, तर तिला हा कायदा लागू होत नाही. कोणाच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे वा पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमानुसार गुन्हा आहे. मात्र मुलाने आईचा चुलीपुढचा फोटो तिला न विचारता चार गटांत पाठविला, तर कोणते कलम लावणार? तो निवाडा घरातच व्हायला हवा. ‘फोटो काढू का?’ आणि ‘पाठवू का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारले गेले पाहिजेत. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच. आज सात वर्षांच्या असलेल्या मुलीला सतराव्या वर्षी तो फोटो गावभर असलेला चालेल का, याचा विचार आईबापांनीच करायचा आहे.

जपणार कोण?

तिसरा प्रश्न साठवणुकीचा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेला फोटो आकसतो आणि तो कोठे, केव्हा काढला याची त्याच्यातील मूळ नोंद सहसा गळून पडते. पुरावा म्हणून उपयोग करायचा, तर ज्या फोनने फोटो काढला त्यातील मूळ प्रत राखणे आवश्यक आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमात अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे. शिवाय गुगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. फोन भरला की लोक सर्वांत आधी साधे, ‘बिनकामाचे’ फोटो पुसतात. म्हणजे लग्नाचे राहतात आणि भाकरीचे जातात. फोन पुरात भिजला, तर सारेच जाते. म्हणून महिन्यातून निवडक चार फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावा. ही जुनीच रीत आहे, पण घर पडले वा वाहून गेले तरी ती उपयोगी पडते.

शासनाने यासाठी आणखी एखादे ॲप काढावे, असे सुचविण्याचा मोह टाळलेला बरा. हजेरीच्या फोटोंचे काय झाले, ते वर आलेच आहे. फार तर एवढे करता येईल : आपत्तीनंतर घराच्या नुकसानीचा विचार करताना कुटुंबाने आधी काढलेले फोटोही पाहिले जातील, हे सरकारने स्पष्ट करावे. ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी घरातील वस्तूंचे फोटो काढून ठेवण्याचे आवाहन करावे. शाळांनी मुलांना आपल्या घराचा एक आठवडा, घरच्यांना विचारून, टिपायला सांगावे. त्या फोटोंना गुण देऊ नयेत, की त्यांची स्पर्धा घेऊ नये.

किल्लारीची घरे गेली तेव्हा कॅमेरा परगावाहून आला आणि त्याने ढिगारा पाहिला. मुखेडला पाणी शिरले तोवर कॅमेरा घरोघर पोहोचला होता. तो आता केवळ संकटाच्या दिवशी उघडायचा, की काहीच न घडलेल्या एखाद्या मंगळवारीही, हे ठरवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्यातून निघालेले कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, हे ठरविण्याचा अधिकारही त्या घराने आपल्याकडेच ठेवायला हवा.