वचनाची चिठ्ठी आणि सत्तर वर्षे

"देवावर भरवसा ठेवा, येणारे वर्ष तुमचे आहे." नाताळ सरून ३१ डिसेंबर जवळ आला की आमच्या मंडळ्यांमधून हे वाक्य कानावर पडू लागते. बोरगाव मेघे असो, वर्धा असो, नागपूर असो, जागरणाच्या उपासनेत थोड्याफार फरकाने हाच संदेश असतो. ज्यांचे घर बांधून झाले, ज्यांच्या मुलाला नोकरी लागली, जे ऑपरेशनमधून सुखरूप उठले ते उभे राहून साक्ष देतात. मग चिठ्ठ्यांचे ताट फिरते. ज्याच्या हाती जे वचन येईल ते त्याचे वर्षाचे वचन. ते घरी नेऊन आरशाच्या कडेला नाही तर फ्रिजवर चिकटवायचे. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले ११ वे वचन ज्याला निघते त्याचा चेहरा खुलतो, कारण देवाच्या मनात तुमचे भलेच आहे, तुम्हाला पुढे आशा आहे, असा त्याचा आशय.

या संदेशाला माझा विरोध आहे. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूला तो येत्या वर्षाचा जामीनदार करून टाकतो, आणि ज्याचे वर्ष वाईट गेले त्याला देवाच्या घरातच परका करतो.

पण हा संदेश देणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. त्यांचे म्हणणे असे, की माणसे कंबर मोडून उपासनेला येतात. कापसाच्या भावाने मारलेले असते, बोंडअळीने मारलेले असते, दवाखान्याच्या बिलाने घर धुऊन नेलेले असते. अशा माणसाला वर्षाच्या शेवटच्या रात्री चार धीराचे शब्द मिळाले तर कोणाचे काय बिघडते? येशूने स्वतः आजाऱ्यांना बरे केले, भुकेल्यांना जेवू घातले. मग शरीराचे, संसाराचे भले देवाकडे मागणे हे पाप कसे? आणि शिकल्यासवरल्या लोकांनी गरिबाच्या हातातली चिठ्ठी काढून घ्यावी, हा कुठला न्याय?

यातले बरेचसे मला मान्य आहे. भाकर मागायला तर प्रभूनेच शिकवले. माझे भांडण चिठ्ठीवर अर्धेच लिहिलेले असते त्याच्याशी आहे.

यिर्मयाचा २९ वा अध्याय हे एक पत्र आहे. ते यरुशलेमेहून बाबेलला गेले, आणि ज्यांना गेले ते इ. स. पूर्व ५९७ च्या सुमारास कैद करून नेलेले लोक होते. घरे, शेते, मंदिर, सगळे मागे राहिलेले. त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती, की आपण परत कधी जाणार. ते सांगणारेही होते. आधीचा २८ वा अध्याय अशाच एकाचा आहे. हनन्या त्याचे नाव. यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घालून फिरत होता, बाबेलची गुलामगिरी अजून सरलेली नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसावे म्हणून. हनन्याने मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत, ते जू त्याच्या मानेवरून काढले आणि मोडले. दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील, असे त्याने परमेश्वराच्या नावाने सांगून टाकले. लोकांना किती बरे वाटले असेल! यिर्मयालाही वाटले, असे होवो, असे तो म्हणालाही. पण ते खरे नव्हते. पुढे त्याने हनन्याला सांगितले, की तू लाकडाचे जू मोडून लोखंडाचे घडवलेस, आणि या लोकांना तू खोट्यावर भरवसा ठेवायला लावलेस.

त्यानंतरच्या पत्रात ते लाडके वचन येते. त्याच्या लगेच आधीच्या, १० व्या वचनात, मुदत दिलेली आहे: सत्तर वर्षे. ज्यांच्या हाती ते पत्र पडले त्यांतल्या बहुतेकांना आपण इथेच मरणार हे समजले असणार. ते वचन त्यांच्या नातवंडांसाठी होते. आणि त्या सत्तर वर्षांत करायचे काय, तेही पत्रातच आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला कैद करून नेले आहे त्या नगराचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी! हे चिठ्ठीवर कोणी छापत नाही. ११ वे वचन १० व्यापासून तोडले की यिर्मयाच्या तोंडी हनन्याचे शब्द येतात. शास्त्राची ही मोडतोड आमच्या डोळ्यांदेखत दरवर्षी होते आणि आम्ही आमेन म्हणतो.

आता नाताळच्या गोष्टीकडेच पाहू. लूक सांगतो, की जन्माची बातमी सगळ्यांत आधी रात्री शेतात कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना कळली. आमच्याकडे डिसेंबरात चना-गहू उभा असतो. रोही आणि रानडुकरांपासून तो वाचवायला शेतकरी धुऱ्याजवळ शेकोटी करून जागल करतो. रात्रीचीच लाइन असेल तर पंप सुरू करून थंडीत पाणी देत फिरतो. बेथलेहेमचे ते मेंढपाळ याच जातकुळीचे. पण देवदूत येऊन गेल्यावर त्यांचे काय झाले? ते बाळाला पाहून, देवाची स्तुती करत, परत आपल्या कळपाकडे गेले. मेंढरे दुप्पट झाली, असे लूक कुठेही लिहीत नाही. रोमचा कर तसाच राहिला. मत्तय तर पुढचे सगळेच लिहून ठेवतो: हेरोदाचे शिपाई, बेथलेहेमातली मारली गेलेली लेकरे, रातोरात मिसरकडे पळालेले एक कुटुंब. त्या लेकरांची आठवण जुन्या मंडळ्या २८ डिसेंबरला करतात, नाताळ आणि नवे वर्ष यांच्या बरोबर मध्ये.

आणि मरीयेला मिळालेले वचन? बाळाला मंदिरात नेले तेव्हा म्हाताऱ्या शिमोनाने त्याला हातांत घेतले, देवाला धन्यवाद दिले, आणि तिला सांगितले की तुझ्या जिवातून तलवार जाईल. पहिल्या नाताळाचे 'वर्षाचे वचन' म्हणायचे तर ते हे आहे. आमच्या ताटात ही चिठ्ठी कधी का नसते?

अर्ध्या वचनाच्या या संदेशाचा परिणाम मी पाहिलेला आहे. एका जागरणाला माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती. तिचा नवरा दिवाळीआधी गेला होता. त्याच्यासाठी उपास झाले, साखळी प्रार्थना झाल्या. साक्षी सुरू झाल्या तशी ती पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि सोडायची, पुन्हा मारायची. प्रत्येक साक्षीनंतर टाळ्या पडत होत्या. तिला कोणी उभे राहायला सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी तिने काय बोलावे? त्या रात्रीच्या हिशेबात तिच्यासाठी रकानाच नव्हता. बाहेर चहा घेताना दोघे बोलत होते, की विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. असे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांना जे शिकवले जाते त्याचा सरळ निष्कर्ष ते काढतात. विश्वास म्हणजे चांगले वर्ष असेल, तर वाईट वर्ष म्हणजे अविश्वास. यातून सुटका नाही. ईयोबाच्या मित्रांनी हाच युक्तिवाद केला होता आणि देवाने त्यांना खडसावले होते.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला जास्त टोचते. आमच्यावर बाहेरून आरोप होतो की तुम्ही फायद्यासाठी ख्रिस्ती झालात. कोणी दूध पावडर म्हणतो, कोणी शाळेची फी म्हणतो. या आरोपाने आम्ही दुखावतो, आणि ते योग्यच आहे. पण मग व्यासपीठावरून आम्हीच जेव्हा सांगतो की येशूकडे या, म्हणजे तुमचे घर होईल, गाडी होईल, तेव्हा त्या आरोपावर आम्हीच सही करत असतो.

मराठी ख्रिस्ती माणसाचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना काय मिळाले? नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा काही वर्षे दुरावले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत. दोन वर्षांत ते वारले. फायद्याचा हिशेब मांडणाऱ्याला या आयुष्यात जमेची बाजू सापडायची नाही.

पंडिता रमाबाईंचे तर विचारूच नका. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच नवरा गेला. हे सगळे बाप्तिस्म्याआधीचे, असे कोणी म्हणेल. १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतर मृत्यूने पाठ सोडली का? १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, आणि पुढच्या एप्रिलात रमाबाई स्वतः गेल्या. त्या मधल्या महिन्यांत त्या काय करत होत्या? पवित्र शास्त्राचे आपले मराठी भाषांतर पुरे करत होत्या. याच रमाबाई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात आल्या होत्या. वर्धा तेव्हा मध्य प्रांतातच होते. रिलीफ कँपांतल्या मुलींचे हाल त्यांनी पाहिले आणि शेकडो मुलींना केडगावला नेले. विश्वासाचे फळ दाखवायचेच असेल तर मी या मुलींकडे बोट दाखवीन. ते फळ रमाबाईंच्या पदरात पडले नाही, दुसऱ्यांच्या पदरात पडले.

इथे दुसऱ्या टोकाचे मित्र पुढे येतात. ते म्हणतात, झाले तर मग, सेवा करा आणि भजन-प्रार्थना सोडा. हेही मला पटत नाही. रमाबाईंच्या केडगावला १९०५ मध्ये प्रार्थनेची जी लाट आली ती तिथल्या कामापासून वेगळी काढता येत नाही. आणि माझे दुसरे उदाहरण तर वर्ध्यातलेच आहे.

मगनवाडी बोरगाव मेघेपासून दूर नाही. तिथे जे. सी. कुमारप्पा राहिले, हे आमच्या तरुण मंडळींपैकी किती जणांना ठाऊक आहे? ४ जानेवारी १८९२ ला तंजावरला जन्मलेला हा ख्रिस्ती माणूस लंडनला हिशेबशास्त्र शिकला, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकला, मुंबईत त्याची ऑडिटची चालती फर्म होती. वर्षागणिक भरभराट हवी असती तर ती त्याच्या हातात होती. ती सोडून तो गांधीजींकडे आला आणि १९३४ मध्ये निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार त्याने मगनवाडीत चालवला. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, ताडगूळ. नाताळ आणि नवे वर्ष यांच्या मधल्या दिवसांत, ३० डिसेंबर १९३८ ला, तिथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हातून झाले. तिथे आजही घाणी पाहायला मिळते.

कुमारप्पांचा विश्वास या घाणीत आणि हिशेबाच्या वहीत होता. बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते, आणि खुद्द गांधीजींच्या माणसांचा खर्चसुद्धा त्यांनी ठरलेल्या भत्त्याबाहेर जाऊ दिला नाही. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर, दुसरे येशूच्या आचरणावर आणि शिकवणुकीवर. एकाच कोठडीत, एकाच माणसाने. दोन्हींना गांधीजींनी प्रस्तावना दिली. ज्यांना वाटते की प्रार्थना वेगळी आणि मजुरीचा भाव वेगळा, त्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

गांधीजी ख्रिस्ती नव्हते, पण गोलमेज परिषदेहून परतताना १९३१ च्या नाताळला जहाजावर सहप्रवाशांनी आग्रह केला म्हणून ते येशूवर बोलले. त्यांचा मुद्दा असा होता, की ख्रिस्ताचा जन्म ही एका तारखेची घटना नाही, ती प्रत्येक आयुष्यात पुन्हा पुन्हा घडायला हवी, आणि जिवंत ख्रिस्त म्हणजे जिवंत वधस्तंभ. आमच्या कित्येक व्यासपीठांवरून यातले निम्मेसुद्धा ऐकू येत नाही.

तर माझे म्हणणे हे आहे. इम्मानुएल, देव आमच्याबरोबर, एवढेच नाताळचे वचन आहे आणि ते पुरे आहे. तो काय देईल याची यादी त्या नावात नाही. तो नवऱ्याच्या मयतीनंतरही आमच्याबरोबर आहे, सत्तर वर्षांच्या कैदेतही आहे. आणि तो बरोबर आहे म्हणूनच शेजाऱ्याचा हिशेब आमच्या गळ्यात येतो. १ जानेवारी हा नाताळपासूनचा आठवा दिवस. बाळाला येशू हे नाव ठेवले तो दिवस. त्या नावाने वर्ष सुरू करायचे तर एवढे तरी करावे.

यंदाच्या जागरणात यिर्मयाचा २८ वा अध्याय आणि २९ व्याची पहिली १४ वचने अखंड वाचावीत, हनन्यासकट. साक्षींच्या वेळी पाळकांनी आधी त्यांना बोलवावे ज्यांचे वर्ष वाईट गेले, आणि त्यांचे बोलणे झाल्यावर घाईने गाणे सुरू करू नये. आणि आमच्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय आहे. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडते, असे तो सांगतो. पऱ्हाटीत दिवसभर वाकून, ओटीत कापूस भरणाऱ्या बायांचे पैसे 'भाव वाढल्यावर देतो' म्हणून आमच्याच काही घरांत थांबलेले असतात. कापूस घरात ठेवायचा की विकायचा हे मालकाने ठरवावे, पण वेचणीचा चुकारा २४ डिसेंबरच्या आत झाला पाहिजे.